चुनेकाकांचा सात

काळजी करायला इतर माणसांना कारण लागतं, चुनेकाकांना लागत नसे. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, पुन्हा निघायचे आणि मग गॅस बंद केला की नाही ते वाटभर आठवत बसायचे. काकू म्हणायच्या, "अहो, गॅस मी बंद करते, कुलूपही मीच लावते. तुम्ही नुसते निघा." पण नुसतं निघणं त्यांना जमायचंच नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या कामात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, त्या कामाला असलाच माणूस लागतो. तिथे एखादा बिनधास्त गडी ठेवला असता तर आठ दिवसांत खालच्या ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगले असते.

काम काय, तर लोखंडी पाइपांना जस्ताचा मुलामा देणारा कारखाना. मुलामा देण्याआधी पाइपांचा गंज काढावा लागतो. त्यासाठी ते ॲसिडच्या हौदात बुडवतात आणि मग पाण्याने धुतात. पाइप होतात चकचकीत, पण ते धुतलेलं पाणी म्हणजे नुसतं जहर. ते सगळं मागच्या बाजूच्या टाकीत येऊन पडतं. बारा हजार लिटरची टाकी, सकाळी एकदा भरते, दुपारी एकदा. टाकीशेजारी पत्र्याचं छप्पर, छपराखाली पिंप, पिंपात पाण्यात कालवलेला चुना. त्याला तिथे सगळे चुन्याचं दूध म्हणतात. ॲसिडच्या पाण्यात हे दूध पडलं की दोघांचाही तिखटपणा जातो. पाणी जरा कोमट होतं, तळाशी तांबूस गाळ बसतो आणि वर उरतं ते थोडं क्षाराचं, पण निरुपद्रवी पाणी. ते मग सोडून द्यायचं.

हे काय चाललंय असं कुणी नव्याने विचारलं तर काकांचं उत्तर ठरलेलं. "पोटात जळजळ झाली की गोळी चघळतोस ना? तीच गोळी मी बारा हजार लिटरला देतो." कागदाची गिरणी असो, रंगाचा कारखाना असो, औषधांची कंपनी असो, मागच्या बाजूला जाऊन बघा, असाच कुणीतरी उभा असतो, हेही ते सांगून टाकत. कारखान्यातली पोरं चेष्टा करायची, "काका सव्वीस वर्षं चुना लावतायत, पण अजून एकालाही नाही." काका हसायचे. ही चेष्टा त्यांना मनातून आवडायची.

चुना किती घालायचा हे ठरवायला एक कागदाची पट्टी असते. ती पाण्यात बुडवली की रंग बदलते. ॲसिड असलं तर लाल, कमी झालं तर पिवळी, बरोबर मधोमध आलं की हिरवी. हिरवी म्हणजे आकडा सात. ॲसिड असेल तर आकडा त्याच्या खाली, चुना जास्त असेल तर वर. चुना जास्त झाला तर निळी, त्याहून जास्त झाला तर जांभळी. सात आला की काका व्हॉल्व्ह उघडत. पट्टी वाळवून रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी डिंकाने चिकटवत. ती चिकटवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि चिकटवलेली कुणी कधी पाहतही नव्हतं. मध्यंतरी कंपनीने आकडा दाखवणारं यंत्र आणलं होतं. दोन महिन्यांत त्याच्या काचेच्या टोकावर चुन्याचं पुट बसलं आणि ते एकाच आकड्यावर अडकून बसलं. तेव्हापासून यंत्राचा विषय निघाला की काका आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवायचे.

आता गुरुवारचं सांगतो. संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते आणि लेक ताटातल्या घासाशी नुसती खेळत होती.

लेक गावाबाहेरच्या पाणी-केंद्रात कामाला. अकरा कारखान्यांचं पाणी नळांनी तिथे जातं आणि तिथल्या मोठ्या उघड्या टाक्यांत जिवाणू ते पाणी साफ करतात. डोळ्यांना न दिसणारे जीव, पण त्यांचं पोट, तब्येत, लहरी सगळं सांभाळावं लागतं. लेक सोमवारी आणि गुरुवारी अकराही कारखान्यांत फिरून पाण्याचे नमुने घ्यायची, तपासायची आणि आकडा लिहून प्रत्येकाला त्याची चिठ्ठी द्यायची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. ही नोकरी मिळाली तेव्हा काका शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून सांगत सुटले होते.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"जिवाणू मरतायत. तीन आठवडे झाले. टाकीवर नुसता पांढरा फेस येतोय." लेक खाली बघूनच बोलत होती. "रोज अकरा वाजता आणि चार वाजता येणाऱ्या पाण्याचा आकडा एकदम वर जातो. नऊ, साडेनऊ. कुणाच्या तरी पाण्यात चुना नाहीतर सोडा जास्त आहे."

"मग कुणाच्या ते सापडेल की," काका म्हणाले. "अकरा तर कारखाने."

"अकराच्या अकरा आकडे बरोबर आहेत."

"म्हणजे कुणीतरी हातचलाखी करतंय. तू नमुना घेताना चांगलं पाणी पुढे करतायत."

लेकीने वाटी जरा बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाली, "मोठ्या मॅडमनी शनिवारपर्यंत वेळ दिलाय. कारण सापडलं नाही तर सहा महिने संपले की पुढे नाही ठेवणार. म्हणाल्या, एक तर तुझे नमुने चुकीचे, नाहीतर तुझं तपासणं."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. पोरीची नोकरी जाणार, आणि जाणार कुणा भामट्याच्या पायी. ताटावरून उठून ते दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. "कुणी असो, त्याचं नाव लाल शाईने लिही," ते म्हणाले. "लोकांच्या लेकराच्या पोटावर पाय देणारा माणूस तो. त्याला दयामाया कसली?"

"जेवा आधी," काकू म्हणाल्या.

लेकीने बापाकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, मी दिलेला तो पेन वापरता का?"

तीन आठवड्यांपूर्वी तिने त्यांना एक डबी आणून दिली होती. आत पेनासारखं छोटं यंत्र होतं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं. काकांनी ती डबी न उघडताच टाकीवरच्या टेबलाच्या खणात टाकली होती. वाईट वाटलं होतं त्यांना, पण बोलले नव्हते. "मला कशाला पेन?" ते आत्ता म्हणाले. "माझं जाऊ दे. तू त्या भामट्याला शोध."

शुक्रवारी सकाळी डबा भरून झाल्यावर काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पडद्यांचं मोठं काम आलं होतं. "अहो, त्या दोऱ्यांच्या डब्यातलं हिरवं रीळ द्या," त्या म्हणाल्या. काकांनी दिलं.

"हे निळं आहे."

"हिरवं आहे."

"अहो, निळं आहे. उजेडात धरून बघा."

काकांनी खिडकीशी जाऊन धरलं. हिरवंच होतं. काकूंनी उठून डब्यातलं दुसरं रीळ काढलं आणि त्याच्या शेजारी धरलं. "हे बघा हिरवं." काकांना दोन्ही रिळं हिरवी दिसत होती. एक जरासं मळकं होतं, बास, फरक म्हणाल तर एवढाच. काकू हसायला लागल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसायच्या थांबल्या. "डोळे दाखवून घ्या," त्या म्हणाल्या. "पोरगी महिनाभर कानीकपाळी ओरडतेय. दिव्याभोवती वर्तुळं दिसतात म्हणता, पायरी चुकता. मोतीबिंदू असेल, दुसरं काय."

काका डबा घेऊन निघाले. त्या दिवशी काहीतरी राहिलंय म्हणून ते कोपऱ्यावरून परत आले नाहीत, आणि काकू दाराशी उभ्या राहून बघत राहिल्या.

वाटभर एकच हिशोब डोक्यात घोळत होता. निळं हिरवं दिसतं. निळी पट्टी म्हणजे नऊ, दहा. आपण सकाळचं पाणी साडेदहाला सोडतो, दुपारचं साडेतीनला. पाइपातून केंद्रापर्यंत जायला अर्धा तास. अकरा आणि चार. नाही, नाही, ते स्वतःशीच म्हणाले, अकरा कारखाने आहेत, साडेदहाला पाणी सोडणारे आणखी असतील. रीळ जुनं असेल. दोऱ्याचा रंग उडतोही कधीकधी. माणूस स्वतःला किती कारणं देऊ शकतो, त्याला काही सुमार नाही.

टाकी भरत आली होती. काकांनी नेहमीच्या हाताने दूध सोडलं, ढवळणी फिरवली, पट्टी बुडवली. हिरवी. छान हिरवी. ती चिमटीत धरून ते स्टोअरवाल्याच्या खिडकीशी गेले. "तुझे डोळे तपासायचेत," चेष्टेत म्हणाले. "रंग सांग बघू."

स्टोअरवाल्याने मान वर केली. "निळा. जांभळ्याकडे झुकलेला. जिंकलो ना?"

"जिंकलास," काका म्हणाले.

"आणि काका, चुना काय खाता काय हल्ली? आठवड्याला चार पोती लागायची, आता सहा न्यायला लागलात."

काका हसले. कसे हसले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ॲसिड राहून जाईल, ॲसिड राहून जाईल, याच धास्तीत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. चुन्याची धास्ती त्यांना कधी वाटलीच नव्हती. खरी हिरवी पट्टी हल्ली मळकट वाटायची, अजून ॲसिड राहिलं असेल म्हणून ते आणखी दूध घालत गेले होते. पूर्वी बोटं तरी सांगायची. चुना जास्त झाला की पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं. पण सव्वीस वर्षांत त्या बोटांचं चामडं झालं होतं, त्यांना आता काहीच कळत नव्हतं.

टेबलाचा खण उघडून त्यांनी लेकीची डबी काढली. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत पेन, एक छोटी बाटली आणि घडी केलेला कागद. कागदावर लेकीचं अक्षर. वर तारीख, तीन आठवड्यांपूर्वीची.

"बाबा, पट्टीच्या जोडीला हाही बुडवत जा. आकडा कुणाला दाखवू नका, मलासुद्धा सांगू नका. फक्त सात येऊ द्या. बाटलीत सातचं पाणी आहे. पेनावर शंका आली तर आधी त्यात बुडवून बघा."

काकांना शंका आली. यावी अशी त्यांची फार इच्छा होती. बाटलीत पेन बुडवला, आकडा आला सात. मग टाकीत बुडवला. आकडे जरा नाचले आणि थांबले. दहा पूर्णांक सात.

मग एकाएकी दुसरी गोष्ट डोक्यात आली. भिंतीवरच्या खिळ्याला केंद्राच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. त्यांनी वरच्या सहा काढल्या. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक एक. सगळं लेकीचं अक्षर, खाली लेकीची सही. कालचीसुद्धा. आणि नमुना घ्यायला ती कुणालाही मधे येऊ देत नसे, स्वतः वाकून बाटली भरायची.

हातचलाखी करणारा भामटा सापडला होता.

"काका," शिफ्टवाल्याने वरच्या कठड्यावरून हाक मारली, "पाणी सोडा की. इकडे धुण्याचा हौद काठोकाठ आलाय. अर्ध्या तासात पाइपांची लाइन बंद करावी लागेल मला."

"थांब जरा."

"थांबू? तुम्ही म्हणताय थांब?"

व्हॉल्व्ह उघडायचा नाही हे नक्की होतं, पण पुढे काय हे कुणी शिकवलेलंच नव्हतं, कारण अशी वेळ कधी आली नव्हती. आंबटावर चुना, हे माहीत. चुन्यावर काय? तर ॲसिडच. हौदातलं धुण्याचं ॲसिडचं पाणी त्यांनी छोट्या पंपाने टाकीत घेतलं, जरा जरा करत. नऊ. आठ. साडेसात. पंप बंद केला, सुस्कारा सोडला, ढवळणी चालू ठेवली. दहा मिनिटांनी पेन बुडवला तर आकडा पुन्हा नऊ. तळाशी न विरघळलेला चुना बसला होता आणि तो सावकाश विरघळत आकडा वर ढकलत होता. पुन्हा पंप. या वेळी पंप बंद करायला जरा उशीर झाला आणि जास्त पडलं. चार. सातच्या आसपास पाणी असं फार नाजूक असतं. दहाचा नऊ करायला पिंपभर लागतं आणि सहाचा आठ व्हायला मगभर पुरतं. काका घामाने निथळत होते. वरून शिफ्टवाला घड्याळ दाखवत होता. त्यांनी मगाने दूध घातलं, थांबले. पुन्हा घातलं, थांबले. लाइन बंद पडली. सव्वीस वर्षांत त्यांच्यामुळे पहिल्यांदा लाइन बंद पडली.

सव्वाबाराला सात पूर्णांक तीन आला आणि पुढची वीस मिनिटं तिथेच राहिला. मग त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पट्टी बुडवली, वाळवली, रजिस्टरमध्ये चिकटवली आणि शेजारी आकडा लिहिला. हे सगळं सवयीनेच झालं. दुपारची टाकी शिफ्टवाल्यावर सोपवली, त्याच्या हातात पेन दिला, "सात आल्याशिवाय सोडायचं नाही, वीस मिनिटं थांबून पुन्हा बघायचं," असं तीनदा बजावलं आणि रजिस्टर काखेत मारून केंद्राची वाट धरली.

वाट अर्ध्या तासाची. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी ठरवलं की सरळ सांगायचं, माझे डोळे गेले, पाणी माझं आहे. मग पाय थबकले. पाणी माझं म्हटलं की मॅडम विचारणार, मग पोरीच्या चिठ्ठीत सात कसा? पोरीने खोटा आकडा लिहिला हे उघड होणार. न सांगावं तर उद्या शनिवार. बोललं तरी पोरगी जाते, न बोललं तरी जाते. रस्त्याच्या कडेला एका दगडावर ते बसले. येणारे-जाणारे बघत होते. उठले तेव्हा त्यांनी मनाशी एक गोष्ट जुळवली होती आणि ती ते पुटपुटत चालले होते.

मोठ्या मॅडम टेबलाशी होत्या. पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या. काकांना त्या नावाने ओळखत होत्या, म्हणजे सगळे ओळखतात त्याच नावाने. "या चुनेकाका, बसा."

काका बसले नाहीत. "तुमचे जिवाणू माझ्या पाण्याने मेले," ते म्हणाले. "मी चुना बेसुमार टाकतो. टाकी लवकर रिकामी व्हावी म्हणून. आणि नमुन्याची बाटली मी भरून द्यायचो. लेकीला म्हणायचो, तू बस, दमलीस. आणि नळाचं पाणी भरून द्यायचो. तिला काही माहीत नाही."

मॅडमनी समोरची फाइल मिटली. "तुम्ही?"

"मी."

"सव्वीस वर्षांनी?"

"माणूस बिघडतो."

मॅडमनी हात पुढे केला. "ते रजिस्टर बघू."

आता त्यांनी रजिस्टर आणायलाच नको होतं. खोटं बोलायला निघालेला माणूस सोबत पुरावा घेऊन येतो का? पण रजिस्टर न घेता कुठल्या कचेरीत जायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. मॅडमनी पानं उलटली. एक, दोन, दहा. मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ही आजची पट्टी. कोणता रंग आहे?"

काकांना ती हिरवी दिसली. पण आज सकाळपासून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, आपल्याला हिरवी दिसते ती निळी असते. "निळी," ते ठासून म्हणाले.

"ही हिरवी आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "गेल्या कितीतरी पानांत ही एकच हिरवी आहे. बाकी सगळ्या निळ्या आणि शेजारी तुमच्या अक्षरात सात. लबाडी करणारा माणूस निळी पट्टी डिंकाने चिकटवून ठेवत नाही. तुम्हाला रंग दिसत नाहीये."

काका खुर्चीत बसले. दारात रबरी बूट वाजले. लेक होती, टाकीवरून आलेली, हातात रिकाम्या बाटल्यांचा खोका. तिने बापाला बघितलं, रजिस्टर बघितलं, आणि तिला सगळं समजलं.

"मॅडम," ती म्हणाली, "नमुने मीच भरलेत. बाबांनी कधी बाटलीला हात लावला नाही. पहिल्या दिवशी दहा पूर्णांक दोन आला. वाटलं, माझंच चुकलं. तीनदा तपासलं. मग सात पूर्णांक एक लिहिलं."

"तिचं ऐकू नका," काका म्हणाले.

"खोटं कोण बोलतंय ते तुम्ही दोघं आधी घरी ठरवून का नाही आलात?" मॅडम म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि लेकीला विचारलं, "पाणी कुठून येतंय ते तुला तीन आठवडे माहीत होतं?"

"हो."

"आणि मी दहा कारखान्यांच्या मालकांशी भांडत होते तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर टाकी आठवडाभर दुसऱ्या कुणी बघितली असती, काकांचे डोळे दाखवून झाले असते आणि तू इथे कायम झाली असतीस. जिवाणू मेले, ते मी पुन्हा वाढवीन. पण आकडा बदललेलं माणूस मी कसं ठेवू? उद्यापासून तुझ्या प्रत्येक आकड्याकडे मी दोनदा बघेन."

"मॅडम, मला काढा," काका म्हणाले. "तिला ठेवा, मला काढा."

"तुम्ही माझ्याकडे कामालाच नाही, काका. तुम्हाला कशी काढू?"

शनिवारी लेक आपले बूट आणि डबा घेऊन घरी आली. काकूंनी बूट धुऊन उन्हात ठेवले. काकांना कारखान्याने काढलं नाही. डोळ्यांचं बघा आणि डॉक्टरचा कागद घेऊन या, एवढंच सांगितलं. काका म्हणाले, काढलं असतं तर बरं झालं असतं.

त्याआधी शुक्रवारी दोघं केंद्रातून चालतच घरी आले होते. अर्ध्या वाटेवर काकांना राहवलं नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"पेन दिला ना."

"तो मी उघडलाच नाही."

"माहीत होतं. उघडला असता तर तुमच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. रोज संध्याकाळी मी तुमचा चेहरा बघायचे."

"मग तोंडाने सांगायचं. बाप आहे मी तुझा, खाल्लं असतं का तुला?"

"तुमचा सात चुकतो, हे तुम्हाला कसं सांगू, बाबा?" लेक म्हणाली.



महिनाभराने एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा काकूंनी मुद्दाम ते रीळ समोर धरलं. निळं एवढं निळं असतं हे काका विसरूनच गेले होते. तेच रीळ हातात घेऊन ते खिडकीशी बसून राहिले. स्टोअरवाला भेटायला आला होता, त्याच्याकडून त्यांनी जुनं रजिस्टर मागवून घेतलं. पान उलटायचे आणि थांबायचे. निळी, निळी, निळी. मागे मागे जात दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी त्यांना शेवटची खरी हिरवी सापडली. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर त्यांची सही होती आणि खाली रजिस्टर तपासणाऱ्या कारखान्यातल्या साहेबाचीही. साहेबाचे डोळे चांगले होते. केंद्रातले जिवाणू सावरले, फेस गेला, असंही स्टोअरवाल्याने सांगितलं. तेव्हा लेक आत भांडी आवरत होती, भांड्यांचा आवाज जरा थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

आता काकांच्या काळजीला कारण होतं. पोरगी घरी बसून आहे, तीन ठिकाणी अर्ज टाकलेत, आधीची नोकरी का सोडली असं विचारलं तर काय सांगणार? ती म्हणते, खरं तेच सांगणार. दोन ठिकाणांहून उत्तर आलेलं नाही.

डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. ते काम लेकीने घेतलं. कागदावर रकाने आखले, तारीख, वेळ, आणि घातले की बरोबरची खूण. तो कागद तिने कपाटाच्या दारावर डिंकाने चिकटवला. एकदा संध्याकाळी ती थेंबांची बाटली घेऊन आली आणि कागदासमोर पेन्सिल धरून उभीच राहिली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"दुपारचे घालायचे राहिले. मी मुलाखतीचं पत्र वाचत बसले होते."

काकांनी मान मागे टेकली आणि डोळा उघडा धरला. "मग तो रकाना कोरा ठेव," ते म्हणाले. "डॉक्टरने विचारलं तर मी सांगेन."

"मी सांगेन," लेक म्हणाली, आणि तिने थेंब घातले.